उज्ज्वलाताईंच्या अंगणातली चासी

भंगाराच्या यार्डात उज्ज्वलाताई मंडईत आल्यासारख्या यायच्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत मोजपट्टी, गुण्या, खडू आणि ताकाची बाटली. अंगावर पुढून उघडा काळा अबाया आणि पायात मात्र कामगारांचे जाड तळाचे बूट. रियाधच्या अल सुलै भागात गोदामं, ट्रकचे तळ आणि भंगाराचे ढीग. तिथे बाई दिसली की माणसं हातातलं काम थांबवून बघतात. ताईंना त्याचं काही नसायचं. त्या चौकोनी पाइपांच्या ढिगासमोर वाकायच्या, एकेका पाइपाच्या कडेला डोळा लावून लांबवर बघायच्या आणि वांगं बाजूला टाकावं तशा म्हणायच्या, "किडका हाय. दुसरा."

यार्डवाला पठाण पहिल्यांदा वैतागला होता. "बाजी, ये लोहा है, टमाटर नहीं."

"टमाटर होता तो दबा के देखती. ये लोहा है, इसलिए आंख से देखती," ताई म्हणाल्या. आणि सौदा झाल्यावर लोखंडी पट्टीचे दोन-चार तुकडे उचलून स्वतःच्या पिशवीत टाकले. "ये ऊपर का कोथिंबीर."

पुढे पुढे तो पठाणच विचारायचा, "बाजी, आज कोथमीर नहीं लिया?"

मी त्या यार्डाला लागून असलेल्या वर्कशॉपात वेल्डर होतो. मंडणगड तालुक्यातला, आठवीत शाळा सोडलेला. ताईंची गाठ पडली ती मी भिंतीआड उभा राहून आईशी फोनवर बोलत होतो तेव्हा. फोन ठेवला तर समोर ही बाई.

"मराठी हाय न्हवं?"

मी आधी दचकलो. परमुलखात कुणी आपली भाषा ओळखली की आनंद व्हायला हवा. मला भीती वाटली. काही चुकलं असेल, तक्रार असेल, असंच मनात आलं. हात आपोआप खिशातल्या इकाम्याकडे, इथल्या राहण्याच्या परवान्याकडे गेला.

"घाबरतोस काय लेका? मी काय जवाजातचा पोलीस हाय होय, कागद बघायला? हा पाइप कापून पायजे. सरळ कापतोस का नुसता कापतोस?"

ताई मूळच्या कोल्हापूरच्या. तिकडच्या कितीतरी बायका 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. पहिले काही दिवस मला वाटे, थट्टा करतायत. मग कळलं, थट्टा त्या करायच्याच, पण ती वेगळी.

ताईंचे यजमान रियाधमध्ये एका कंपनीत हिशेबाच्या कामावर मोठ्या जागी होते. पुण्याचे. मी त्यांना साहेब म्हणायचो. अतिशय सभ्य माणूस. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावायचे आणि ग्राइंडर सुरू झाला की कानात कापूस घालून आत पेपर वाचायचे. मुलगी मुग्धा बारावीला. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत नाहीतर इंग्रजीत यायचं. भाड्याचं घर, तळमजला, आणि पुढे उंच भिंतीचं फरशीचं अंगण. तिकडे त्याला हौश म्हणतात. त्या अंगणात ताईंना हॉट रॉडची चासी उभी करायची होती.

हॉट रॉड म्हणजे काय ते मी विचारलं. ताईंनी मला फोटो दाखवला नाही. म्हणाल्या, "साधी गाडी असती का, ती म्हंजे सूटबूट घातलेला माणूस. तिचं बॉनेट काढ, चाकांवरची झाकणं काढ, इंजिन उघडं ठेव, नाक लांब कर, आणि बूड जमिनीला टेकव. पैलवान लंगोट लावून हौद्यात उतरल्यावर दिसतो का न्हाई, तशी दिसती."

"मग ती चालवायची कुठे?"

"ते नंतरचं. आधी सांगाडा."

सांगाड्यालाच त्या चासी म्हणायच्या. कारखान्यातली माणसं म्हणतात तसं, ठसक्यात. त्यांचे वडील, आबा, यांचा कोल्हापुरात ट्रकच्या चाश्या दुरुस्त करायचा कारखाना होता. वाकलेल्या चाश्या सरळ करायच्या, आखूड होत्या त्या लांब करायच्या. ताईंनी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला तो आबांच्या हाताखाली उभं राहायचं म्हणून. निकाल लागला, पेढे वाटले, आणि आबांनी कारखान्याच्या किल्ल्या धाकट्या भावाच्या हातात दिल्या. भावाने पुढे कारखाना मोडून तिथं मोबाइलचं दुकान काढलं.

"आबा वाईट न्हवतं रे," ताई एकदा वेल्डिंगची कांडी बदलता बदलता म्हणाल्या. "पोरीचं हात काळं हुऊ नयेत, एवढंच त्यांचं. पण माझी एक चासी त्यांनी बघायची ऱ्हायली. आता नव्वदीला टेकलेत. डोळं हायत तंवर दावतो."

एवढंच त्यांना हवं होतं. गाडी पुरी व्हायला पैसाही नव्हता आणि ती हौसही नव्हती. चार चाकांवर उभी राहिलेली, सरळ चासी आबांना दाखवायची. आबांना त्याबद्दल अक्षर सांगितलेलं नव्हतं.

घरात बसून, कमी खर्चात हे कसं करायचं ते ताईंकडून शिकावं. शेजारी अबू नासिर म्हणून म्हातारे सौदी गृहस्थ होते. त्यांची जुनी पिकअप दारात वर्षानुवर्षं उभी होती आणि नगरपालिकेने तिच्या काचेवर उचलून नेण्याची चिठ्ठी डकवली होती. ताईंनी ती मागून घेतली. तिचे पुढचे-मागचे आस, स्प्रिंगा, स्टिअरिंग, चाकं काढून घेतली आणि उरलेला पत्रा पठाणाला देऊन त्याच्या बदल्यात चौकोनी पाइप आणले. अबू नासिरना वाटलं, बाई भंगाराचा धंदा करते. खरं कळलं तेव्हा ते रोज संध्याकाळी गाव्याची, म्हणजे अरबी कॉफीची किटली घेऊन फाटकाशी खुर्ची टाकून बसायला लागले.

मी त्यांच्याकडे यायला तयार नव्हतो. इकाम्यावर माझ्या कफीलाचं, म्हणजे मला इथे कामावर आणणाऱ्या मालकाचं नाव. दुसऱ्याच्या घरी काम करताना सापडलो तर खलास. ताईंनी ते ऐकून घेतलं. म्हणाल्या, "कामाला येऊ नकोस. शुक्रवारी नमाज झाली की जेवायला ये. भावानं बहिणीच्या घरी जेवल्यावर उष्टं ताट उचललं, तर त्याला कोण कामगार म्हणतंय?"

तरी मी पहिले कित्येक शुक्रवार गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी सोडून, मागे-पुढे बघत जायचो. फाटक उघडताच ताई मोठ्याने म्हणायच्या, "आलं आमचं चोर! या." मग आधी जेवण. तांबडा रस्सा त्या हलाल मटणाचा करायच्या आणि ताटात वाढताना दरवेळी सांगायच्या की हे हलाल आहे. मला माहीत असायचं, तरी सांगायच्या.

चासी आखायला सपाट लोखंडी टेबल लागतं. ते कुठून आणणार? ताईंनी अंगणाच्या फरशीवर चासी रांगोळीने काढली. अगदी खऱ्या मापात. मध्यातून दोरी ताणून एक पांढरी रेघ, आणि तिच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर ठिपके. मग ठिपके जोडून लांब दोन दांडे, आडवे दांडे, आसांच्या जागा. माझी आई दारात ठिपके काढायची नाही, पण आमच्या वाडीत शेजारच्या घरी मी ते पाहिले होते. एवढी मोठी रांगोळी मात्र कधी पाहिली नव्हती. मुग्धा दारातून बघून म्हणाली, "आई, नेबर्स विल थिंक दिवाली है."

"असू दे. रांगोळी चुकली तर पुसता येती. लोखंड चुकलं की रडायला येतं."

माझं असं होतं की हात चांगला होता, पण कागदावरचं ड्रॉइंग दिसलं की मला घाम फुटायचा. वर्कशॉपात म्हणून मला फाटकं आणि पाण्याच्या टाक्याच मिळायच्या. हे मी सांगितलं नव्हतं. ताईंनी रांगोळीकडे बोट दाखवून काही विचारलं, आणि मी खाली बघत राहिलो, त्यावरून त्यांना कळलं असावं. त्या आत जाऊन पितळी पातेलं घेऊन आल्या. ते खाली ठेवलं.

"वरनं बघ. काय दिसतंय?"

"गोल."

"आता खाली बस. बाजूनं बघ."

"चौकोनासारखं. काठ बाहेर."

"पातेलं एकच, चित्रं दोन. ड्रॉइंग म्हंजे एवढंच असतंय. वरनं एक, बाजूनं एक. आणि आतलं बघायचं असलं तर..." त्यांनी कांदा आणला, उभा कापला, दुसरा आडवा कापला. "कुठनं कापला ते सांगितलं की आत काय दिसंल ते तू सांगायचं. रडू नकोस, कांद्यानं रडतोयस असं म्हण."

मी रडत नव्हतो. पण डोळ्यांत पाणी होतं, आणि कांदा हाताशी होता हे बरं झालं.

असे आमचे शुक्रवार चालले. ताई जोडणी करायच्या, टाके मारायच्या. म्हणजे जोड पक्का करायच्या आधी जागोजागी वेल्डिंगचे थेंब. पुरं वेल्डिंग बहुतेक मी करायचो. पण पुढचा आडवा दांडा, ज्यावर सगळा भार येतो, तो त्यांनी स्वतःच्या हाताने जोडायचा ठरवला होता. इतक्या वर्षांनी हात बसलेला नव्हता. वेल्डिंगच्या काचेखाली वाचायचा चष्मा लावायच्या, त्याच्यावर वाफ धरायची, आणि मग शिव्या. शिव्या कुणाला, तर स्वतःलाच. "उज्ज्वले, ही काय कुरडई घातलीस?" म्हणायच्या आणि ग्राइंडरने जोड खरवडून पुन्हा सुरू. मी "चांगला झालाय, ताई" म्हटलं की चिडायच्या. "तुला मी बरं म्हणायला जेवाय घालतो होय? कसा हाय ते सांग."

मला ते जमायला फार दिवस लागले. परक्या देशात माणूस 'हो' म्हणायला लवकर शिकतो.

हिवाळा सरत आला आणि साहेबांच्या कंपनीने त्यांचं काम बंद केलं. घर ईदनंतर सोडायचं, मग कायमचं पुण्याला. साहेबांनी हे आम्हाला अंगणात येऊन सांगितलं. हातात चहाचा कप तसाच. ताईंनी हातमोजे काढले, चासीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग रमजानच्या आधी उभी करावी लागंल."

आणि झालीही. सगळे दांडे जोडून झाले, पुढचा दांडाही त्यांच्या हातचा लागला. कर्ण मोजले, म्हणजे या कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत दोरी लावून दोन्ही बाजू. दोन्ही सारख्या. ताईंनी तिथेच फरशीवर बसून डोळे मिटले. मग मुग्धाला हाक मारली, "आबांना लाव फोन."

फोनवर आबा दिसले. उघडी छाती, कानात यंत्र, आणि फोन इतका जवळ की निम्मं कपाळच. मुग्धाने फोन हळूहळू चासीवरून फिरवला. पलीकडे काही आवाज नाही. आम्हाला वाटलं लाइन गेली.

"आबा, दिसतंय का? मी केली. मी आणि ह्यो इक्बाल."

"कशावर केलीस?"

"अंगणात. फरशीवर."

मग आबांनी विचारलं, "पाणी लावलंस?"

ताईंचा चेहरा बघवेना. इतक्या वर्षांची वाट, आणि बापाचा पहिला शब्द हा. "लावतो," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन बंद केला.

पाणी लावायचं म्हणजे गवंडी लावतात तसं. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक इकडे धरायचं, दुसरं तिकडे. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं, मग लोखंड उंच-सखल असेल तर लगेच दिसतं. मी एक टोक धरलं, ताईंनी दुसरं. तीन कोपरे जुळले. चौथ्याला, पुढच्या डाव्या अंगाला, लोखंड बोटभर खाली.

ताई नळी धरून तशाच उभ्या. मग मान वळवून त्या कोपऱ्यातल्या मोरीकडे बघितलं. इथल्या अंगणाची फरशी एका कोपऱ्यात मोरीकडे उतरती असते, धुतलेलं पाणी जावं म्हणून. नजरेला दिसत नाही. त्या उतरत्या फरशीवर आम्ही सारख्या उंचीचे ठोकळे ठेवले होते आणि त्यांच्यावर चासी. एक कोपरा वाकून बसला होता. रांगोळी वरून अगदी बरोबर होती.

"दर शुक्रवारी," ताई हळू म्हणाल्या, "तू यायच्या आधी मी अंगण धुतो. वायपरनं सगळं पाणी त्या कोपऱ्यात मीच ढकलतो. मीच!" आणि हसायला लागल्या. "वरनं बघितलं. बाजूनं बघितलंच न्हाई. आणि तुला पातेलं दावत बसलो."

पण ते हसणं लवकर संपलं. त्या आत गेल्या. मी अंगणात एकटाच. काही वेळाने साहेब बाहेर आले, मग ताईही. मी धीर करून म्हणालो, "ताई, पाचर मारू. स्प्रिंगखाली पट्टी घातली की चाकं चारही टेकतील. फोनवर कुणाला दिसणार नाही."

"उभी ऱ्हाईल. होय." त्यांनी दांड्यावर हात ठेवला. "पण पळायला लागली की एका अंगाला ओढंल. मग ती चासी न्हवं, खाट." आणि लगेच, "पण कापायची म्हंजे सगळंच आलं रे. रमजान तोंडावर. तू उपाशी असणार. आणि घर सोडायचं. ऱ्हाऊ दे. झालं तेवढं झालं."

हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मनातून मला बरंच वाटलं, हेही खरं. सुटलो, असं वाटलं.

साहेब म्हणाले, "कापा."

ताईंनी वर बघितलं.

"उज्ज्वला, माझ्या नोकरीच्या मागे तू किती गावं बदललीस, मी मोजलेली नाहीत. आता मला नोकरी नाही. रिकामाच आहे. कुठं धरायचं ते सांग." आणि त्या माणसाने खरोखर शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मग थोडं थांबून म्हणाले, "कापूस मात्र कानात घालीन."

कापली. पुढचे जोड ग्राइंडरने सोडवले तेव्हा शेवटचा जोड सुटताना दांडा टण्णकन उसळला, इतका ताण त्यात कोंडलेला होता. अबू नासिर खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि संकट बघितल्यावर म्हणतात तसं म्हणाले, "ला हौल..." त्यांना वाटलं बाई रागावून मोडतेय.

रमजानात वर्कशॉपची वेळ कमी झाली, म्हणून मी रोज दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर जाऊ लागलो. या वेळी रांगोळी नाही. चासी टेकवायला चार लोखंडी घोडे, प्रत्येकाखाली पट्ट्या घालून, नळीतल्या पाण्याने एका उंचीला आणलेले. फरशी काय म्हणते ते विचारायचंच नाही. साहेब नळीचं टोक धरायचे, इतक्या एकाग्रतेने की डास चावला तरी हलायचे नाहीत. "वर... थोडं खाली... थांबा, पाणी विचार करतंय," असं म्हणायचे. पाणी विचार करतंय हे ताईंना फार आवडायचं.

माझा रोजा असायचा, आणि उन्हाच्या झळा अजून नव्हत्या तरी वेल्डिंगची धग असतेच. ताई माझ्यासमोर पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. मी म्हटलं, "ताई, तुम्ही प्या, मला काही वाटत नाही."

"गप. मला तहान लागली की मी लई बोलतो, आणि बोललो की काम हुतंय. तुझ्यासाठी न्हवं."

सूर्य मावळून मगरिबची अजान झाली की फरशीवरच चादर अंथरायची. खजूर, अबू नासिरांच्या घरून सांबुसे, आणि ताईंच्या हातची भाजणीची थालीपीठं. रोजा थालीपिठाने सोडणारा रियाधमध्ये मी एकटाच असेन. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, त्या बाईला माझा सलाम सांग. मी सांगितला. ताई म्हणाल्या, "आईला सांग, पोरगं बोलायला शिकलंय. परवा माझा जोड खराब हाय म्हणाला."

म्हणालो होतो खरा. पुढच्या दांड्याचा जोड त्यांनी दुसऱ्यांदा लावला, आणि एका जागी तो आत धरला नव्हता, नुसता वर बसला होता. मी बराच वेळ त्यावर ब्रश फिरवत राहिलो. दिवस थोडे उरले होते. आणि ज्या बाईने मला उभं केलं तिला हे कसं सांगायचं? शेवटी म्हणालो, "ताई, हा बरोबर नाही."

त्यांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं. "हाय का लेका!" म्हणाल्या. आवाजात असा आनंद, जसा मी एखादी परीक्षा पास झालो. आणि ग्राइंडर उचलला.

आज मी जुबैलला एका ठेकेदाराकडे फॅब्रिकेटर आहे. इकामा रीतसर बदलून झाला. भरतीच्या वेळी समोर ड्रॉइंग ठेवलं आणि हे कुठून कापलंय ते सांग म्हणाले. मी सांगितलं. कांदा मनात होता हे त्यांना काय माहीत! कंपनीच्या बसमध्ये पहाटे बाकीचे झोपतात, तेव्हा मला कधीकधी अजूनही भीती वाटते की कुणीतरी येऊन म्हणेल, आठवी नापास, उतर खाली. मग मी ताईंना मेसेज करतो. त्या फक्त 'गप' असं उत्तर पाठवतात.

तर त्या वर्षीची ईद झाली. घर रिकामं होत आलं. चासी भारतात नेणं शक्य नव्हतं. अबू नासिर ती आपल्या शेतावरच्या इस्तिराहात, म्हणजे सुट्टीच्या घरी नेणार होते, त्यांच्या मुलांना पुढचं करायचं होतं. विमान होतं त्या दिवशी माझी ड्युटी, म्हणून मी आदल्या दिवशीच गेलो. चासी चार चाकांवर उभी होती. पाणी लावून झालं होतं, चारही कोपरे जुळले होते. तरी ताईंचं समाधान नव्हतं. "उभी हाय," त्या म्हणत होत्या. "पण सरळ जातीया का?"

गाडी वाहून नेणारा ट्रक गल्लीत थोडा पुढे लागला होता. फाटकातून तिथपर्यंत चासी ढकलत न्यायची होती. ताईंनी दोन दांड्यांवर फळी टाकली, अबाया सावरला आणि स्टिअरिंग धरून बसल्या. साहेब आणि मी मागे. मुग्धा फोन धरून बाजूने चालत, फोनवर आबा. अबू नासिर हात हलवत ट्रकवाल्याला जागा करायला सांगत होते.

"यल्ला," ताई म्हणाल्या.

आम्ही ढकललं. फाटकाच्या उंबऱ्यावरून चाकं खाली उतरली आणि गल्लीच्या किंचित उताराला लागली. आमच्या हातांना भार कमी वाटू लागला.

"उजले," फोनमधून आबांचा आवाज आला. बारीक, पण कारखान्यात ओरडायची सवय असलेला. "हात सोड."

"आबा?"

"स्टेरिंग सोड. हात वर कर. बघू दे."

ताईंनी हात सोडले. दोन्ही हात वर केले, डोक्याच्याही वर. चासी जराही इकडेतिकडे झाली नाही. गल्लीच्या मधोमध, दोरी ताणल्यासारखी सरळ निघाली. साहेबांनी ढकलणं थांबवलं, मी थांबवलं, तरी ती चाललीच होती. पलीकडे आबा कुणालातरी बोलावत होते, ओरडून, एकेकाचं नाव घेऊन, "अरं ए म्हादबा! हिकडं या रं! माझ्या पोरीची चासी बघा, माझ्या पोरीची!" मुग्धा रडत हसत धावायला लागली, फोन आईच्या पाठीवर धरून. "आजोबा, बघताय ना? बघताय ना तुम्ही?" स्वच्छ मराठीत.

आणि तेव्हा मला आठवलं की चासीला ब्रेक लावलेलेच नाहीत.

"ताई!" मी ओरडलो. साहेब धावले. अबू नासिर "बस! बस!" म्हणत ट्रकसमोरून बाजूला झाले, ट्रकवाल्याने चहाचा कप टाकून उडी मारली. ताई ट्रकच्या शेजारून तशाच पुढे गेल्या. त्यांनी मागे बघितलं नाही. स्टिअरिंग धरलं नाही. ऊन कलतं होतं, अबाया वाऱ्याने फुगला होता, जाड बूट पुढच्या दांड्यावर रोवलेले, आणि काळे झालेले दोन्ही हात उंच वर. गल्ली जिथे सपाट होते तिथपर्यंत त्या तशाच सरळ जात राहिल्या, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे पळत होतो.